कोकणच्या सागरी प्रवासात घोंगडीलाही जागा हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गावरील खाड्यांवर पूल बांधण्याची कामे हाती घेतली गेल्यापासून आपल्या दैनिकात त्यांविषयी बातम्या आणि वाचकांची पत्रे सातत्याने प्रसिद्ध होत आहेत. पूल व्हायलाच हवेत. रात्री-अपरात्री आजाऱ्याला घेऊन खाडी ओलांडणाऱ्या होडीची वाट पाहणे काय असते, हे खाडीकाठच्या माणसांना वेगळे सांगावे लागत नाही. परंतु या चर्चेत पर्यटनाचा विषय निघाला की तो समुद्रकिनारा, मासळीचे जेवण आणि राहण्याच्या खोल्या यांपलीकडे सहसा जात नाही. या किनाऱ्याने मोटारीतून सावकाश फिरणारा माणूस वाटेत काय पाहतो, कोणाकडून काय विकत घेतो आणि त्याचा पैसा शेवटी कोणाच्या हातात पडतो, याचा विचार पूल पुरे होण्याच्या आधीच झाला पाहिजे. माझे म्हणणे एवढेच आहे की, कासवे राखून त्यांतूनच गावाचे उत्पन्न उभे करण्याचे जे काम वेळास गावाने करून दाखवले, तेच दर हिवाळ्यात घाटावरून कोकणात उतरणाऱ्या मेंढपाळांच्या लोकरीच्या बाबतीत करता येण्यासारखे आहे, आणि ते लवकर केले नाही तर कोकणच्या घराघरांतली घोंगडी पुढच्या पिढीला केवळ ऐकून माहीत असेल.

आम्ही उभयता अलिबागचे रहिवासी. माझे यजमान शिक्षकी पेशातून निवृत्त झाले असून त्यांना पक्ष्यांचा छंद आहे, आणि मी पुष्कळ वर्षे विणकाम करते व शिकवते. गेल्या माघात आम्ही आमच्या लहानशा गाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत गेलो. त्यांना रानातले आणि समुद्रातले जीव पाहायचे होते, डोंगर चढायचे होते, जमल्यास पाण्याखालीही उतरायचे होते. मला मात्र वाटेतल्या प्रत्येक बाजारपेठेत लोकर शोधायची होती. उष्ण, दमट कोकणात लोकर कसली शोधता, असे आम्हाला अनेकांनी विचारले. हा प्रश्न विचारला जातो, यातच आपण काय विसरत चाललो आहोत ते दिसते.

माझे आजोळ माणगाव तालुक्यातले. लावणीच्या दिवसांत घरातली सगळी पुरुष माणसे घोंगडीची खोळ डोक्यावरून पाठीवर सोडून चिखलात उभी असत आणि बायका इरली घेत. दिवसभर पावसात भिजलेली घोंगडी संध्याकाळी झटकून चुलीच्या वरच्या वाशावर टाकली जाई. धुराने ती वाळत असे आणि त्याच धुरामुळे तिला कसर लागत नसे. आमच्या आजीच्या घरातली एक घोंगडी तीन पिढ्यांनी वापरली. लोकरीचा तंतू बाहेरून पाणी झटकतो, हवेतला दमटपणा मात्र आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत आत सामावून घेतो आणि तरीही हाताला ओला लागत नाही. शिवाय ओली झाली तरी लोकर ऊब धरून ठेवते. तेव्हा घोंगडी ही थंड प्रदेशातून चुकून इकडे आलेली वस्तू नसून कोकणच्या पावसासाठी आणि दवासाठी तिच्याइतके योग्य वस्त्र दुसरे नव्हते. प्लास्टिकचे कापड आले आणि ती मागे पडली, हे खरे आहे. परंतु प्लास्टिकच्या आत माणूस घामाने भिजतो, हे लावणी करणाऱ्या कोणालाही विचारावे.

प्रवासाच्या सुरुवातीला मुरूडजवळच्या फणसाडच्या जंगलात आम्ही हिंडलो. एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचे हे शिकारीचे रान होते. १९८६ मध्ये ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. पहाटेच्या वेळी शेकरूची कर्कश हाक ऐकू आली आणि थोड्या वेळाने ते स्वतः एका उंच झाडाच्या फांदीवर, शेपटी खाली सोडून, फळ कुरतडताना दिसले. आपल्या राज्याचा हा प्राणी कित्येक शहरी मुलांनी केवळ चित्रात पाहिलेला असतो. पुढे आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरून दिवेआगर, श्रीवर्धन असे जाताना ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आडव्या झालेल्या सुपारीच्या बागांच्या जागी नवी रोपे उभी राहिलेली पाहिली. त्यानंतर आम्ही किनारा सोडून म्हसळा तालुक्यातील चिरगावकडे वळलो, कारण तेथे पांढऱ्या पाठीची गिधाडे उंच झाडांवर घरटी करतात. डायक्लोफिनॅक हे औषध दिलेली मेलेली गुरे खाल्ल्याने देशभरातली गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. चिरगावसारख्या ठिकाणी गावकऱ्यांनी आणि निसर्गप्रेमींनी त्यांना सांभाळले म्हणून ती आज येथे दिसतात.

याच आडवाटेवर, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांमध्ये, आम्हाला मेंढपाळांचा वाडा, म्हणजे कळपासह टाकलेला तळ, भेटला. दिवाळीनंतर फलटण आणि आसपासच्या दुष्काळी भागातील मेंढपाळ कुटुंबे आपले कळप घेऊन घाटवाटांनी कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत फिरतात. हा शिरस्ता नेमका का पडला, ते समजून घेण्याजोगे आहे. उन्हाळ्यात देशावर, म्हणजे घाटावर, चारा आणि पाणी संपते, तर कोकणात पावसाळा मेंढ्यांना सोसत नाही. त्यांचे खूर कुजतात आणि रोगराई पसरते. म्हणून वर्षाचे हे दोन भाग त्यांनी घाटाच्या दोन बाजूंना वाटून घेतले. कोकणातला शेतकरी त्यांना आपल्या शेतात मेंढ्या बसवण्यासाठी बोलावतो. रात्रभर वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत कोंडलेला कळप त्या खाचरात लेंडीखत आणि मूत्र टाकतो, आणि त्या बदल्यात मेंढपाळाला भात किंवा पैसे मिळतात. कोणत्याही सरकारी योजनेशिवाय देश आणि कोकण यांच्यात चालत आलेला हा व्यवहार आहे, आणि त्याची जेवढी कदर व्हायला हवी तेवढी ती आपण केली नाही असे मला वाटते.

तो वाडा मी जवळून पाहिला, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. घोड्याच्या पाठीवर सारे बिऱ्हाड बांधलेले होते. त्यावरच्या जाळीतून चार दिवसांची कोकरे आणि दोन कोंबड्या डोके बाहेर काढून पाहत होत्या. एक वयस्क बाई चुलीजवळ बसून टकळीवर लोकरीचे सूत काढत होत्या. त्यांचे लक्ष चुलीवरच्या कालवणाकडे, नातवाकडे आणि माझ्याशी चाललेल्या बोलण्याकडे सारखेच होते, तरी धागा कोठे तुटत नव्हता. मी त्यांना विचारले, "मावशी, ही लोकर पुढे कुठे जाते?" त्या म्हणाल्या, "कुठं जातीया बाई! पैल्यांदा घोंगडी विणणारा सनगर दारात यिऊन न्यायचा. आता कातरायची मजुरी बी निघंना, म्हून बांधावर टाकून म्होरं जातोय." आणि खरोखरच त्या शेताच्या बांधाला, कुडाच्या काटक्यांत, कातरलेल्या काळ्या लोकरीचे पुंजके अडकून पडलेले होते.

दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात आणि एका मेंढीपासून वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर मिळते. ती जाड आणि राठ असते, परदेशी मेरिनोसारखी मऊ नसते, त्यामुळे स्वेटरच्या गिरण्यांना ती नको असते. मांसाला भाव आहे आणि लोकरीला नाही, म्हणून अनेक मेंढपाळ आता अंगावर केस असणाऱ्या, लोकर न देणाऱ्या जातींच्या नरांशी संकर करून घेतात, आणि त्यात त्यांचा काहीही दोष नाही. मात्र एकदा ही काळी लोकर देणारी मेंढी गेली की घोंगडी विणणाऱ्या सनगरांच्या हातचे कामही गेले. घोंगडी तयार करणे सोपे नसते. लोकर निवडायची, धुवायची, पिंजायची. तिचे सूत काढायचे. ताण्याला चिंचोक्याची खळ कुंचल्याने लावून तो उन्हात वाळवायचा. आणि मग जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर विणत बसायचे. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला जावळ म्हणतात आणि तिची घोंगडी सर्वांत मऊ होते. त्या मावशींकडून मी हाती काढलेल्या सुताचा एक गुंडा विकत घेतला. त्यात गवताची कुसळे होती, धागा कोठे जाड तर कोठे बारीक होता, आणि त्याचा काळसर तपकिरी रंग हा कोणी दिलेला नव्हता, मेंढीचाच होता. हाताला लोकरीचे नैसर्गिक तेल लागत होते. बाजारात लोकर म्हणून मिळणाऱ्या ॲक्रिलिकच्या गुंड्यांनी विणताना ही जाणीव कधी होत नाही. घरी आल्यावर मी त्याचे बैठकीचे आसन विणले, आणि राठ लोकर आसनासाठी किती योग्य असते हे मला तेव्हा नीट समजले.

बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून आम्ही वेळासला पोहोचलो. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव आता कासवांमुळे सर्वत्र ओळखले जाते. येथे पूर्वी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी खणून खाल्ली आणि विकली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी सांभाळण्याचे काम सुरू केले आणि पुढे त्यातूनच कासव महोत्सव उभा राहिला. मादी एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते. ती पुळणीतून अलगद काढून कुंपणाच्या आत तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात, आणि साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. पहाटे खड्ड्यावर झाकलेली टोपली उचलली की तळहाताहूनही लहान अशी ती काळी पिल्ले एकमेकांच्या अंगावरून वर येताना दिसतात. त्यांना पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडतात, कारण तेवढे अंतर त्यांनी स्वतःच चालून जायचे असते. एक पिल्लू पावलाच्या खळग्यात उलटे पडले होते. शेजारची एक लहान मुलगी त्याला हात लावायला धावली, तेव्हा गावातल्या कार्यकर्त्याने तिला प्रेमाने थांबवून सांगितले की त्याला स्वतः उठू दे. ते उठले, आणि जमलेल्या सर्वांनी मोठ्याने श्वास सोडला.

या गावाची गोष्ट मी माझ्या विषयाशी जोडते ती पुढील कारणाने. वेळासच्या घरांमध्ये पाहुणे राहतात, घरचे जेवतात आणि तो पैसा गावात राहतो. अंडी विकून मिळत होते त्याहून अधिक आणि मानाचे उत्पन्न कासव जिवंत राहिल्याने मिळते, हे लोकांनी अनुभवले, म्हणून संरक्षण टिकले. कायदा तर १९७२ पासून होताच. परंतु कायद्याला गावाच्या उत्पन्नाची जोड मिळाली तेव्हा कासव वाचले. गुहागरच्या किनाऱ्यावर २०२३ मध्ये उपग्रह-यंत्र बसवून सोडलेली बागेश्री ही मादी पोहत श्रीलंकेपर्यंत गेली, आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खुणेची पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीत अंडी घालताना सापडली. एवढा मोठा प्रवास करून येणाऱ्या जिवाला आपण आपल्या किनाऱ्याचा पाहुणा मानतो, याचा मला अभिमान वाटतो. मग देशावरून पायी चालत येणाऱ्या माणसांना आणि त्यांच्या कळपाला आपण तोच मान का देऊ नये?

माघातली ती पहाट बोचरी होती. पुळणीवर दव पडले होते, आणि शहरातून आलेली मंडळी सुती सदऱ्यांत काकडत उभी होती. आमच्या यजमानांच्या खांद्यावर आजोळची जुनी घोंगडी होती. ती पाहून अनेकांनी ती कोठे मिळते म्हणून विचारले, आणि आमच्याकडे सांगण्यासारखे उत्तर नव्हते, कारण मुरूडपासून तेथपर्यंत एकाही दुकानात आम्हाला ती मिळालेली नव्हती. गिऱ्हाईक उभे आहे आणि माल बांधावर कुजतो आहे, असा हा प्रकार आहे.

पुढे दापोलीच्या बाजारात आम्हाला घोंगडी म्हणून एक वस्तू दाखवण्यात आली. रंग काळा, किनार पांढरी, किंमत काही शे रुपये. दुकानाचे नाव घेण्याचे कारण नाही. तशा वस्तू बहुतेक बाजारांत मिळतात. मी दुकानदाराच्या परवानगीने काठाचा एक धागा तोडून काडीने पेटवला. तो वितळला आणि त्याच्या टोकाला काळा, कडक मणी जमला. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर नेताच ती विझते आणि उरते ती बोटांनी चुरडता येणारी राख. ही परीक्षा प्रत्येक गिऱ्हाइकाने शिकून घ्यावी. यंत्रमागावरच्या मिश्र धाग्याच्या पांघरुणांना माझा विरोध नाही. ज्यांना ती परवडतात त्यांनी ती अवश्य घ्यावीत. परंतु ती घोंगडी या नावाने विकली गेली की दोन-अडीच हजारांची हातमागाची घोंगडी महाग वाटू लागते, आणि विणकराची मेहनत लबाडी ठरते. त्याच बाजारातल्या एका जुन्या कापडवाल्यांनी माळ्यावरून शेवटची उरलेली खरी घोंगडी काढून दिली. ती आणायला ते पूर्वी स्वतः घाटावर जात असत. आता वयामुळे जमत नाही, असे ते म्हणाले.

दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या दोन्ही फेऱ्यांच्या वेळी धक्क्यावर गाड्यांची रांग होती आणि लोक तासभर नुसते बसून होते. शहाळी, वडापाव आणि कोकम सरबत यांशिवाय तेथे घेण्याजोगे काही नव्हते. याच ठिकाणी मला माझ्या सूचनेची जागा दिसली.

रत्नागिरीच्या दक्षिणेला कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्या दगडात कोरलेला अवाढव्य हत्ती आम्ही पाहिला. त्याच्या पोटात आणि भोवती इतर अनेक प्राणी आणि मासे कोरलेले आहेत. कोकणातील ही कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. उन्हे चढण्याआधी तेथे जावे. सडा तापल्यावर अनवाणी पाऊल टेकवत नाही. मालवणला आम्ही दोघेही पाण्याखाली उतरलो. तेथील सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवरचे प्रवाळ आणि त्यांत शिरणारे पट्टेरी मासे मी या वयात पहिल्यांदा पाहिले, आणि वर आल्यावर वाऱ्याने दात वाजू लागले तेव्हा पुन्हा त्या घोंगडीनेच आम्हाला सावरले. एका किनाऱ्यावर डॉल्फिन दाखवणाऱ्या होडीवाल्याने इंजिन जोरात सोडून कळपाचा पाठलाग केला, ते मात्र आम्हाला मुळीच आवडले नाही. आम्ही त्यास थांबायला सांगितले. तसेच पुळणीवर चारचाकी गाड्या घालण्याची जी हौस बोकाळली आहे, तिच्यामुळे वाळू दाबली जाते आणि चाकोऱ्यांत अडकलेली कासवाची पिल्ले समुद्रापर्यंत पोहोचत नाहीत. साहस अवश्य करावे, पण त्यात दुसऱ्याचा जीव जाऊ नये, एवढे भान ठेवणे अवघड नाही.

प्रवासाच्या शेवटी वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या महिलांनी होडी वल्हवत आम्हाला कांदळवन दाखवले. त्यांच्यापैकी काही मासळीच्या व्यवसायातल्या होत्या. कांदळाच्या श्वासमुळांची, खेकड्यांची आणि खंड्या पक्ष्याच्या बिळांची माहिती त्या ज्या आत्मविश्वासाने देत होत्या, ती ऐकून यजमानांनी वही काढली. ज्या कांदळवनाकडे सरपण म्हणून पाहिले जाई, ते राखण्यातून या महिलांना रोजगार मिळतो. कासव आणि कांदळवन यांनंतर तिसरे नाव लोकरीचे असावे, हे मी तेथेच यजमानांना म्हणाले आणि त्यांनीच मला हे पत्र लिहायला सांगितले.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ या दोन्ही संस्था राज्य शासनाच्याच आहेत. मेंढपाळ कोकणात असतात त्या महिन्यांत, म्हणजे दिवाळीपासून वैशाखापर्यंत, माणगाव, महाड, खेड अशा ठिकाणच्या आठवडा बाजारात लोकर विकत घेण्याची व्यवस्था पहिल्या महामंडळाने करावी, म्हणजे ती बांधावर पडणार नाही. भाव असा असावा की कातरणीची मजुरी वजा जाता मेंढपाळाच्या हाती काही उरेल. ती धुणे, पिंजणे आणि सूत काढणे हे काम कोकणातल्या बचत गटांच्या महिलांना शिकवता येईल. विणकाम मात्र देशावरच्या सनगरांकडेच राहावे, कारण ते कौशल्य त्यांचे आहे आणि त्यांना काम मिळणे हाच या खटाटोपाचा हेतू आहे. तयार घोंगड्या, आसने आणि पिशव्या फेरीबोटींच्या धक्क्यांवर, वेळास-आंजर्ल्यासारख्या कासवांच्या गावांत आणि पर्यटन महामंडळाच्या निवासांत विक्रीस ठेवाव्यात. पूल झाल्यावर धक्क्यांवरची वर्दळ कमी होईल. तेव्हा पुलांच्या दोन्ही टोकांना अशा विक्रीसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद आताच आराखड्यात करून घ्यावी, कारण नंतर तेथे केवळ पेट्रोलपंप आणि मोठी हॉटेले उभी राहतात.

हातमागाच्या वस्तूंना केंद्र सरकारचे हातमाग चिन्ह २००६ पासून उपलब्ध आहे. प्रत्येक घोंगडीवर ते असावे, आणि शक्य झाल्यास कोणत्या तालुक्यातल्या कळपाची लोकर आणि कोणत्या गावचा माग, हेही लिहिलेले असावे. सावंतवाडीची लाकडी खेळणी लोक नावानिशी मागून घेतात, तशी घोंगडीही मागून घेतली जाईल. घरगुती निवासाचा व्यवसाय करणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी पाहुण्यांसाठी दोन-चार खऱ्या घोंगड्या घरात ठेवाव्यात. पहाटे कासवे पाहायला जाताना जो ती अंगावर घेईल, तो परत जाताना ती विकत मागेल, हे मी स्वतः पाहिले आहे. ज्या लोकरीचे सूतही होण्यासारखे नसते, ती आंबा-नारळाच्या कलमांच्या आळ्यात पसरावी. तिच्याने ओल टिकते आणि ती कुजताना झाडाला नत्र मिळते. उन्हाळ्यात पाणी घालून थकलेल्या बागायतदारांनी हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

राठ लोकर अंगाला टोचते, ही तक्रार मला ठाऊक आहे. घोंगडी उघड्या अंगावर घ्यायची नसते. खाली सुती धोतर किंवा चादर असावी. नवी घोंगडी काही दिवस वापरली की मऊ पडते. ती ऊन लागेल अशा जागी अधूनमधून टाकावी आणि ठेवताना घडीत कडुनिंबाचा पाला घालावा, म्हणजे कसर लागत नाही. दर आठवड्याला धुण्याची तर मुळीच गरज नसते.

एक काळजी मात्र घ्यावी लागेल. मेंढपाळांचा वाडा हे प्रवाशांनी गर्दी करून पाहण्याचे ठिकाण होता कामा नये. ती माणसे कामावर आलेली असतात. त्यांची मुले, कोकरे, घोडे यांची विचारल्याशिवाय छायाचित्रे काढणे, कळपात शिरणे, कुत्र्यांना बिथरवणे हे प्रकार आम्ही रस्त्यावर पाहिले आणि वाईट वाटले. शिवाय भरधाव गाड्यांमुळे रस्त्याने जाणारी मेंढरे चिरडली जातात. महामार्ग रुंद करताना कळपांच्या नेहमीच्या वाटा जेथे रस्ता ओलांडतात, तेथे सूचनाफलक आणि वेग कमी करण्याची व्यवस्था करणे बांधकाम खात्याला सहज शक्य आहे. भातशेतीची खाचरे विकली जाऊन त्यांना तारेची कुंपणे पडत आहेत, त्यामुळे कळपांना बसायला जागाही वरचेवर कमी होत आहे. ज्या शेतकऱ्यांकडे अजून जमीन आहे त्यांनी रासायनिक खताच्या पिशवीच्या किमतीशी मेंढ्या बसवण्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

या वर्षीचे वाडे दिवाळीनंतर घाट उतरतील. त्यापूर्वी दोन्ही महामंडळांच्या अधिकाऱ्यांनी, रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांच्या प्रशासनाने आणि कासव महोत्सव भरवणाऱ्या गावांच्या प्रतिनिधींनी एकदा एकत्र बसावे आणि निदान एका तालुक्यात लोकर खरेदीचा प्रयोग सुरू करावा, अशी आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे. अशा बैठकीत लोकर ओळखणे, निवडणे आणि सूत काढणे शिकवण्यासाठी माझी काही मदत होणार असेल, तर मी स्वखर्चाने येण्यास तयार आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, अलिबाग